नकाशातली रिकामी घरं



आमच्या समाजात कुठल्याही समारंभाला गेलं की वडील मंडळी विचारतात, "काय रे पोरांनो, नोकरी कसली?" आम्ही म्हणतो, "कॉम्प्युटरवर जमिनीचे नि पाण्याचे नकाशे करतो." यावर बहुतेक जण मान डोलावतात आणि दुसरा विषय काढतात. त्यांचा दोष नाही. आम्हीच हे काम कधी नीट समजावून सांगितलं नाही. म्हणून हा लेख. लेख जरा लांब झाला आहे, पण संभाळून घ्या.

आम्ही म्हणजे तिघे. दोघांचा जन्म मुंबईचा, एक इथलीच, बेर शेव्याची. तिचे आजीआजोबा पेण तालुक्यातले. तिघे एकाच खोलीत बसतो, एकाच किटलीतला चहा पितो आणि भांडतो मराठी-हिब्रूच्या खिचडीत. गेली काही वर्षं आमचं काम असं, की पाऊस पडला तर पाणी कुठून कुठे जाईल, बरोबर किती माती नेईल आणि तो गाळ कुठे बसेल, याचा अंदाज काढायचा. हा अंदाज ज्या नकाशावर काढतात त्याला रास्टर म्हणतात.

रास्टर म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखा नकाशा. जमिनीवर चौकोनी घरं आखायची आणि प्रत्येक घरात एक आकडा लिहायचा. एका पटावर प्रत्येक घराची उंची, दुसऱ्यावर पाऊस, तिसऱ्यावर मातीचा प्रकार, चौथ्यावर जमिनीचा वापर, म्हणजे शेत की रान की वस्ती की उघडा खडक. हे पट एकावर एक ठेवायचे आणि घराला घर जुळवून हिशेब करायचा. कल्पना इतकीच. पण पटाला चौसष्ट घरं नसतात, कोट्यवधी असतात. आणि काही घरं रिकामी असतात. आमचा निम्मा पगार त्या रिकाम्या घरांपायीच मिळतो असं म्हटलं तरी चालेल.

घर रिकामं आहे हे कॉम्प्युटरला सांगायला काहीतरी आकडाच लिहावा लागतो. मग कुणी उणे ९९९९ लिहितो, कुणी उणे ३२,७६८, कुणी २५५, कुणी शून्य. "हा आकडा खरा नाही, इथे माहिती नाही असं समजा" ही सूचना फाईलच्या माथ्यावर वेगळी लिहिलेली असते. तिला नोडेटा म्हणतात. फाईल एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात जाताना, एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात शिरताना ही सूचना कित्येकदा गळून पडते. आकडा राहतो, त्याचा अर्थ हरवतो.

आता ज्या कामाबद्दल सांगायचं आहे त्याकडे वळू. मृत समुद्राकडे उतरणाऱ्या ओढ्यांचं ते काम होतं. इथे राहणाऱ्यांना हा मुलूख माहीत आहेच. अराद सोडून पूर्वेला निघालं की रस्ता एकसारखा खाली खाली जातो आणि कान बंद होतात. वर्षाचा पाऊस समुद्राकाठी १०० मिलिमीटरसुद्धा नाही. कोकणात तेवढा एका दुपारी पडतो. पण वरच्या डोंगरात सर आली की खालचा कोरडा नाहाल बघता बघता भरतो. खाली ऊन असतं आणि पाणी येतं. त्याला इथे शिताफोन म्हणतात. २६ एप्रिल २०१८ला नाहाल त्साफितमध्ये असंच पाणी आलं आणि सहलीला गेलेली दहा तरुण मुलंमुली गेली. त्या दिवसाबद्दल जास्त लिहवत नाही. एवढंच सांगतो, की तेव्हापासून आमच्या खोलीत नाहालला कुणी "एक निळी रेघ" म्हणत नाही.

आमच्याकडून हवी होती एक यादी. किनाऱ्याच्या रस्त्याला कोणते ओढे ओलांडतात, कोणत्यातून किती पाणी आणि गाळ येऊ शकेल, आणि रस्त्याखालच्या कोणत्या मोऱ्या नि पूल आधी तपासायला हवेत. यादीत वर असेल तिथे माणसं आधी जाणार, खाली असेल तिथे नंतर. पैसे थोडे, मोऱ्या पुष्कळ. म्हणजे यादीतला नंबर हा कुणाच्या तरी जिवाशी बांधलेला.

पहिले काही दिवस यादी दूरच, प्रोग्रामच पुरा चालेना. सकाळी सुरू करावा, दुपारी जेवून यावं तर पडलेला. पडदा काळा, शेवटी इंग्रजीतली एक ओळ. अशा वेळी नवीन मंडळी घाबरतात आणि पुन्हा पुन्हा तेच बटण दाबतात. आम्ही आधी पेन्सिल-कागद घेऊन गुणाकार करतो.

मृत समुद्राचं सगळं पाणलोट क्षेत्र जॉर्डन, सीरिया, लेबनॉनपर्यंत पसरलेलं आहे, सुमारे ४०,००० चौरस किलोमीटर. ३० मीटरचं एक घर म्हणजे ९०० चौरस मीटर. भागाकार केला तर साडेचार कोटींच्या आसपास घरं होतात. पण पाणलोट वेडावाकडा असला तरी फाईल चौकोनीच असते, त्यामुळे आजूबाजूची बिनकामाची घरंही येतात आणि हिशेब १० कोटींवर जातो. प्रत्येक घराला ८ बाइट धरले तर एक पट ८० कोटी बाइटचा. असे दहा पट एकदम मेमरीत उघडले की ८०० कोटी, म्हणजे ८ गिगाबाइट. आणि एखाद्या उत्साही साहेबानं सांगितलं, "३० मीटर कशाला, १० मीटरची घरं करा की," तर घरं तिप्पट होत नाहीत, नऊपट होतात. ८चे ७२ झाले. मग मशीन बसणार नाही तर काय करणार?

उपाय जुनाच आहे. पोळ्या करायच्या असतात तेव्हा परातभर कणकेची एक पोळी कुणी लाटत नाही. पटाचे २५६ बाय २५६ घरांचे तुकडे करायचे, एक तुकडा उचलायचा, हिशेब करायचा, डिस्कवर ठेवायचा, दुसरा घ्यायचा. मात्र पाण्याच्या वाटेचा हिशेब असा तुटक चालत नाही, कारण या तुकड्यातलं पाणी शेजारच्या तुकड्यात जातं. तिथे त्याच कामासाठी बनवलेला प्रोग्राम हवा, जो तुकड्यांच्या कडा सांभाळतो.

प्रोग्राम पडण्याची बाकीची कारणं ऐकाल तर हसाल. जुन्या पद्धतीची टिफ फाईल ४ गिगाबाइटच्या वर जाऊच शकत नाही, कारण आतले पत्ते ३२ बिटांत लिहिलेले असतात. काठापर्यंत भरली की काम तिथेच थांबतं. मोठ्यांसाठी बिगटिफ नावाचा वेगळा प्रकार मागून घ्यावा लागतो. मधल्या मधल्या तात्पुरत्या फायली डिस्क भरून टाकतात आणि शेवटच्या टप्प्यावर जागा संपते. फोल्डरचं नाव हिब्रू अक्षरांत असलं तर काही सॉफ्टवेअरना ते वाचताच येत नाही. फोल्डर क्लाउडशी जोडलेला असेल तर मॉडेल लिहीत असतानाच दुसरा प्रोग्राम तीच फाईल वर पाठवायला पकडतो, आणि दोघांच्या ओढाताणीत मॉडेल पडतं. म्हणून आमचा रिवाज असा: काम मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर, फोल्डरचं नाव छोटं, साध्या रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा नाही, आणि सगळ्या देशाआधी चार गावांएवढा छोटा तुकडा चालवून बघायचा. छोटा तुकडा नीट चालला आणि मोठा पडला, तर रोग मेमरीचा किंवा डिस्कचा. छोटासुद्धा पडला, तर रोग माहितीत आहे. निम्मं निदान इथेच होतं.

आमचं मॉडेल शेवटी पुरं चाललं. निकालाचा नकाशा उघडला तर मधोमध एक लांबलचक पांढरा पट्टा. वर तिबेरियापासून खाली थेट मृत समुद्रापर्यंत काहीच नाही. बेत शआन नाही, यरीहो नाही.

कारण शोधायला एक पूर्ण दिवस गेला. उंचीचा नकाशा ज्या कार्यालयाकडून आला होता, तिथे कुणीतरी तो "साफ" केला होता. शून्याच्या खालची उंची म्हणजे समुद्र किंवा चूक, असा नियम लावून सगळे उणे आकडे पुसून टाकले होते. मुंबईला किंवा लंडनला हा नियम चालून जाईल. पण आमच्या इथे किनेरेत उणे २१०च्या आसपास आहे, बेत शआन सुमारे उणे १२०, यरीहो उणे २५०, आणि मृत समुद्राचं पाणी आज उणे ४३५ मीटरच्याही खाली गेलं आहे. शून्याच्या खाली माणसं राहतात, शेती करतात, मुलांना शाळेत पाठवतात. सफाईचा एक नियम चालवला आणि अख्खं खोरं गेलं. आम्ही मूळ, न पुसलेली प्रत मागवून घेतली.

दुसरी अडचण पावसाच्या नकाशाची. उंचीच्या पटावर तो ठेवला की दोघे कुठेच एकमेकांना भेटत नव्हते, आणि मॉडेल म्हणत होतं, "सामाईक भाग शून्य." या देशात नकाशे मोजायच्या दोन पद्धती वापरात राहिल्या आहेत. जुनं जाळं ब्रिटिश काळातलं, नवं जाळं नंतरचं. दोघांतला फरक ठोकळमानानं पूर्वेला ५० किलोमीटर आणि उत्तरेला ५०० किलोमीटर धरलेला आहे. नव्या जाळ्याची चिठ्ठी लावून जुने आकडे दिले, की अरादचा पाऊस ५०० किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडतो. पाऊस पडला खरा, पण दुसऱ्याच्या वाळवंटात! फाईलच्या चारही कोपऱ्यांचे आकडे वाचले की हा प्रकार लगेच उघडा पडतो. कोपरे वाचल्याशिवाय आम्ही आता कुठलाही पट दुसऱ्यावर ठेवत नाही.

तिसरी अडचण गुणाकाराची. मातीची धूप काढायचं एक प्रसिद्ध सूत्र आहे. अमेरिकेत विशमायर आणि स्मिथ यांनी ते मांडलं आणि त्यांचं हँडबुक १९७८ साली निघालं. त्यात पावसाचा मारा, मातीचा कमकुवतपणा, उताराची लांबी नि चढ, जमिनीवरचं आच्छादन आणि बांधबंदिस्ती, अशा गोष्टींचा गुणाकार असतो. यातला एक आकडा जरी रिकामा असला तरी उत्तर रिकामं. मातीच्या नकाशात शहरं आणि तलाव बहुतेक वेळा कोरेच ठेवतात, कारण डांबराखालची माती कुणी मोजत नाही. जमीन-वापराच्या नकाशात ४७ नंबरचा प्रकार असतो आणि सोबतच्या तक्त्यात ४७ची ओळच नसते. पाच पटांची वेगवेगळी थोडीथोडी भोकं एकत्र झाली की उत्तराची चाळण होते.

आता मोह काय होतो? रिकाम्या जागी शून्य भरून टाकायचं. नकाशा दिसायला छान, एकही भोक नाही, साहेब खूष. पण गुणाकारात शून्य आलं की उत्तर शून्य. म्हणजे "इथली धूप आम्हाला माहीत नाही" या वाक्याचं "इथे धूप होत नाही" झालं. रिकामं आणि शून्य या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. कुणाचं पत्र आलं नाही म्हणजे तो सुखात आहे असं आपण धरतो का?

पावसाच्या बाबतीत तर हे फारच जपावं लागतं. वाळवंटात शून्य हा खराखुरा आकडा आहे; वर्षातले बहुतेक दिवस शून्यच. त्यामुळे पर्जन्यमापक बिघडला म्हणून लिहिलेलं शून्य आणि आभाळ कोरडं होतं म्हणून लिहिलेलं शून्य, दोन्ही शेजारी शेजारी बसतात आणि ओळखू येत नाहीत.

बरं, शेजाऱ्याचा आकडा उसना घेऊन भोक बुजवावं म्हटलं, तर तिथेही धोका आहे. मुंबईची २६ जुलै २००५ ज्यांना आठवते त्यांना जास्त सांगायला नको. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला सुमारे ७४. एकच शहर, मध्ये वीस-पंचवीस किलोमीटर. समजा त्या दिवशी सांताक्रूझचं यंत्र बंद असतं आणि ती जागा कुलाब्याच्या आकड्यानं भरली असती, तर कागदावर तो दिवस पावसाळ्यातला साधा दिवस ठरला असता. मिठी नदीला पूर आला यावर पुढच्या पिढीनं विश्वाससुद्धा ठेवला नसता!

इथवरचे सगळे दोष आपणहून ओरडणारे होते. प्रोग्राम पडतो, नकाशा पांढरा दिसतो, उत्तर येत नाही. त्रास होतो, पण फसवणूक होत नाही. खरी भीती चौथ्या प्रकाराची, जिथे सगळं ठाकठीक दिसतं.

आमची यादी तयार झाली. रंगीत नकाशा आला. पाठवण्यापूर्वी नेहमीप्रमाणे एकेक ओढा तपासायला बसलो. एक ओढा, नाव देत नाही, यादीत अगदी खाली होता. पाणी नगण्य, गाळ नगण्य, तपासणीची घाई नाही. आमच्यातली एक त्या रस्त्यानं वरचेवर जाणारी. ती म्हणाली, "असं कसं होईल? तिथे तर भला मोठा पूल आहे. बांधणाऱ्यांनी उगीच बांधला का?"

एका सकाळी गाडी काढून तिघेही गेलो. ओढा ठणठणीत कोरडा. पण पात्रात म्हशीएवढाले धोंडे पडलेले, गुळगुळीत झालेले, आणि पुलाच्या खांबाला डोक्याच्या वर वाळलेल्या काटक्या नि प्लॅस्टिकच्या चिंध्या अडकलेल्या. एवढ्या उंचीवर कचरा वाऱ्यानं बसत नाही. नकाशा म्हणत होता पाणी येत नाही. खांब म्हणत होता येऊन गेलंय.

परत येऊन ओढ्याची रेघ उलटी धरली, पुलापासून वर वर. अर्ध्या वाटेत, अरुंद घळीत, उंचीच्या पटावर तीन रिकामी घरं सापडली. फक्त तीन.

ती तिथे का, तेही सांगतो. हा उंचीचा नकाशा फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर या अंतराळयानानं ११ दिवसांत रडारनं मोजलेला. पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन त्यात आली. आजही जगभर तो वापरतात. पण रडार तिरपं बघतं. खोल घळीच्या तळाशी कड्याची सावली पडली की परतीची खूणच येत नाही, आणि त्या घरात उणे ३२,७६८ हा नोडेटाचा आकडा बसतो. नंतर भोकं बुजवलेल्या आवृत्त्या निघाल्या, पण आमच्या हाती आलेली प्रत मूळची होती.

नोडेटाची सूचना गळून गेली असती तर मॉडेलला तिथे ३२ किलोमीटर खोल विहीर दिसली असती, उताराचे आकडे आभाळाला भिडले असते आणि आमच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं. पण इथे सूचना जागच्या जागी होती. मॉडेलनं शहाण्यासारखं मानलं की इथे माहिती नाही, म्हणजे इथे नकाशाची हद्द. आणि नकाशाच्या हद्दीवर आलेलं पाणी नकाशाबाहेर जातं. वरच्या दोनशेहून जास्त चौरस किलोमीटरचं सगळं पाणी त्या तीन घरांत शिरलं आणि हिशेबातून नाहीसं झालं. खालचा ओढा तिथून नव्यानं, अगदी लहान होऊन सुरू झाला. कुठेही चूक नोंदली गेली नाही. प्रत्येक पायरी आपल्या नियमाप्रमाणे बरोबर होती.

ही गोष्ट आम्ही आमच्यातल्या एकीच्या आजींना सांगितली. आजी पेणजवळच्या खेड्यातल्या, घरचा तेलाचा घाणा बघितलेल्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मग वरचं पाणी गेलं कुठं, ते आधी सांगा."

"भोकात गेलं, आजी."

"आणि तुमचा तो कॉम्प्युटर काही बोलला नाही?"

"नाही."

"कसा बोलेल? आमच्या घाण्याखालचं भांडं गळायला लागलं ना, तरी बैल फिरतच राहायचा. तेल भरतंय का नाही हे बैलाला काय ठाऊक? ते माणसानं वाकून बघायचं."

आजींच्या पहिल्या प्रश्नाचा आम्ही कायमचा नियम करून टाकला आहे. पाणी गेलं कुठं? वरून जेवढी घरं पाणी देतात, तेवढ्यांचं पाणी खालच्या तोंडांवर मोजून मिळालंच पाहिजे. बेरीज जुळली नाही तर मध्ये कुठेतरी भोक आहे. हा हिशेब करायला पाच मिनिटं लागतात.

तीन घरं बुजवणं सोपं होतं, शेजारच्या घरांवरून अंदाज करून. तसं केलं आणि तो ओढा यादीत तळातून उठून तिसऱ्या नंबरला आला. मोठी भोकं मात्र दुसऱ्या नकाशातून भरावी लागतात, आणि मृत समुद्राकाठी त्यालाही एक अट आहे. समुद्र दर वर्षी एक मीटरहून जास्त खाली जातो आहे. एंडेव्हरनं २०००मध्ये पाहिलेला किनारा आणि कोपर्निकसच्या नव्या नकाशासाठी जर्मन उपग्रहांनी २०११ ते २०१५मध्ये पाहिलेला किनारा, यांत दहा मीटरहून जास्त फरक पडतो. एकाचं ठिगळ दुसऱ्याला लावलं की शिवणीवर पायरी तयार होते आणि मॉडेल म्हणतं, इथे धबधबा आहे. जुन्या लुगड्याला कोरं ठिगळ लावलं तर एका धुण्यात ओढ बसते, तसंच. म्हणून काठावरचा सगळा पट्टा एकाच वर्षांतल्या मोजणीचा घेतला.

आता एक गंमत. सगळी भोकं बुजवल्यावर एक भोक आम्ही स्वतः पाडलं. पाण्याची वाट काढण्याआधी मॉडेल जमिनीतले खोलगट खड्डे भरून घेतं, कारण छोटे खड्डे बहुतेक मोजणीतले दोष असतात. पण मृत समुद्र हाच एक प्रचंड खड्डा आहे; त्यातून पाणी बाहेर जातच नाही, वाफ होतं. मॉडेलला हे ठाऊक नसतं. ते प्रामाणिकपणे खड्डा भरायला लागतं आणि पाणी उत्तरेकडून यिज्रेलच्या खोऱ्यातून भूमध्य समुद्राकडे सांडेपर्यंत भरतच राहतं. यरीहो, बेत शआन, किनेरेत सगळं कागदावर बुडतं. म्हणून समुद्राच्या पाण्याची घरं मुद्दाम नोडेटा करायची, म्हणजे ओढे तिथे येऊन संपतात. तेच चिन्ह घळीत असलं की घात करतं आणि समुद्रावर असलं की नकाशा वाचवतं. रिकामं घर वाईट नसतं. ते कुणी, कुठे आणि कशासाठी रिकामं ठेवलं हे माहीत नसणं वाईट.

या धंद्यात शिरणाऱ्या आपल्या तरुण मुलामुलींसाठी दोन शब्द. प्रोग्राम पडला तर वैतागू नका. पडणारा प्रोग्राम हा तोंडावर बोलणारा शेजारी आहे, त्याचं ऐका. शेवटची ओळ नव्हे, पहिली तक्रार वाचा. प्रत्येक पटाबरोबर आणखी एक पट ठेवा, फक्त हो आणि नाहीचा: या घरातला आकडा मोजलेला आहे की भरलेला. भरला असेल तर कुठून, तेही लिहा. आमच्या यादीबरोबर आम्ही तसा पट जोडून पाठवला. समोरच्या साहेबांनी विचारलं, "हा कशाला?" आम्ही सांगितलं, "आम्हाला कुठे ठाऊक नाही, त्याचा नकाशा आहे हा." ते क्षणभर बघत राहिले आणि मग त्यांनी तोच आधी उघडला.

यादीतल्या तिसऱ्या नंबरच्या पुलाची तपासणी झाली. मोरीच्या तोंडाशी साचलेला गाळ नि धोंडे काढले गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात तिथून पाणी आलं की नाही, किती आलं, याची नोंद आमच्याकडे नाही, कारण त्या ओढ्यावर मोजणारं यंत्रच नाही. आमच्या वहीत त्या रकान्यात आम्ही शून्य लिहिलेलं नाही. "मोजलं नाही" असं लिहून ठेवलं आहे, आणि तिथे यंत्र बसवावं असा अर्ज दिला आहे.